तोफेच्या तोंडची नोकरी

मी निवृत्त झाले त्या वर्षी घरात नवी सून आली. एकदा भाजी निवडताना तिनं विचारलं, "आई, तुम्ही ऑफिसात नक्की काय काम करायचात?"

मी म्हटलं, "शिव्या खायचे."

तिला ती चेष्टा वाटली. माझे यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "खरं सांगतेय ती. आणि चांगल्या पचवायची."

पगारपत्रकावर माझं पद 'तक्रार लिपिक' असं होतं. खातं पाणीपुरवठ्याचं. शहर आपलंच, तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो. काळ तो, जेव्हा पावसानं लागोपाठ पाठ फिरवली होती आणि 'मृतसाठा' हा शब्द घराघरांतल्या बायकांना पाठ झाला होता. माझ्या टेबलावर एक फोन होता, समोर दोन खुर्च्या होत्या आणि पाठीमागे भिंत होती. या भिंतीचा मला फार आधार वाटायचा, कारण त्या बाजूनं तरी कुणी येणार नाही याची खात्री असायची.

पाणी घरात कसं येतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नळ सोडला की येतं, एवढंच माहीत असतं. तर ते जायकवाडीच्या धरणातून पंपानं उपसतात, मोठ्या पाइपातून चढावर ढकलत शहरापर्यंत आणतात, शुद्ध करून उंच टाक्यांत भरतात. मग व्हॉल्व्हमन नावाचा माणूस रस्त्यातल्या खड्ड्यात लांब दांड्याची चावी घालून आज या भागाला, उद्या त्या भागाला असं पाणी सोडतो. यात कुठं वीज गेली, पाइप फुटला, पंप रुसला, की ज्याची पाळी चुकली तो एकटा बसत नाही. त्याच्या मागच्या सगळ्या पाळ्या सरकतात. आणि ज्यांची पाळी सरकते ते सगळे फोन करतात. मला.

शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. एमआयडीसीत कारखाने वाढले, कारखान्यांमागून माणसं आली, माणसांमागून प्लॉट आले. शेतात चुन्याच्या रेघा मारल्या की झाली कॉलनी. नाव आधी, मग घरं, मग रस्ता, आणि पाइप कधीतरी. तोवर टँकर.

माझ्याकडं येणाऱ्यांत सगळ्या तऱ्हा होत्या. एक गृहस्थ बाटलीत गढूळ पाणी घेऊन यायचे आणि मला ते प्यायला सांगायचे. एकानं मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, अगत्यानं या म्हणाला, आणि येताना टँकर घेऊन या म्हणाला. बेगमपुऱ्याकडचे एक निवृत्त उर्दू शिक्षक होते, ते रोज सकाळी फोन करायचे. "मोहतरमा, आज आमच्याकडं पाण्याची तशरीफ कधी येणार?" मी "आज नाही सर" म्हटलं की म्हणायचे, "कोई बात नहीं. तुमचा आवाज ऐकला, तबीयत बरी वाटली." एवढं गोड बोलून माझी जितकी पंचाईत त्यांनी केली तितकी शिव्या देणाऱ्यांनी केली नाही. शिवीचं उत्तर पाठ असतं, अदबीचं नसतं.

फोनपर्यंत ठीक होतं. खरी गंमत मोर्च्यांची.

पहिला मोर्चा आला तेव्हा मला त्या टेबलावर येऊन फार दिवस झाले नव्हते. खाली आवारात घोषणा सुरू झाल्या. आमचे मोठे साहेब, त्यांना दाभाडेसाहेब म्हणू, बारीक अंगाचे, कामाला हुशार, पण आवाज चढलेला माणूस पाहिला की त्यांच्या हाताला घाम सुटायचा. ते म्हणाले, "मोर्च्यात बायका आहेत. पाठकबाईंना पाठवा. बाईवर बायका हात उचलणार नाहीत."

मी पदर खोचला आणि निघाले. दाराशी आमचे शिपाई रहीमचाचा बसले होते. ते हसून म्हणाले, "जा बाई. आज तुम्हाला बी तोफेच्या तोंडी दिलं साहेबानं. तुमच्या आधी या खुर्चीवर तिघं झाले."

"ते कुठं गेले?"

"बदली मागून घेतली सगळ्यांनी."

खाली गेले तर सगळ्यांच्या पुढं एक सावळी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. कमरेवर माठ. ही गयाबाई. माहेर पाचोडकडचं, नवरा कारखान्यात, घर हर्सूलच्या पलीकडं नव्या कॉलनीत. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, "पाणी द्या, नायतर खुर्ची सोडा" म्हणून ओरडली आणि माठ माझ्या पायाशी आपटला. खापऱ्या उडाल्या. टाळ्या पडल्या. मी खाली वाकून एक खापरी उचलली, कारण दुसरं काय करावं सुचेना. खापरीच्या कडेला जुनं सिमेंट लावलेलं होतं.

मी हळूच विचारलं, "आधीच फुटलेला होता का हो हा?"

गयाबाई तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "मंग? चांगला माठ फोडायला मी काय येडी हाय का?"

मला हसू आलं. ती पण हसली, पण मागं वळून लगेच मोठ्यानं घोषणा दिली. त्या दिवसापासून आमची ओळख झाली. त्या उन्हाळ्यात ती पुष्कळदा आली. खाली भांडायची आणि जाता जाता माझ्या टेबलावर चहा पिऊन जायची. म्हणायची, "बाई, तुमच्यावर राग नाय. पण वरचा कुणी खाली येतच नाय, मंग वरडायचं कुणावर?"

गयाबाईच्या कॉलनीला टँकर घेऊन जाणारा ड्रायव्हर म्हणजे काशिनाथ. खुलताबादजवळच्या खेड्यातला, फौजेतून निवृत्त झालेला, भरघोस मिशांचा. सगळे त्याला हवालदार म्हणायचे. गप्पा मारायला पक्का. त्याच्या फौजेतल्या गोष्टींत दर वेळी शत्रू वाढायचे आणि थंडी वाढायची, म्हणून आम्ही निम्म्याच खऱ्या धरायचो.

टँकर नीट पोचतात की नाही हे पाहायला मी एकदा त्याच्या शेजारी बसून हर्सूलला गेले होते. तिथल्या तुरुंगाच्या भिंतीजवळून पुढं जाताना मी थट्टेत म्हटलं, "हवालदार, तुमची लढाई संपली. मला मात्र साहेब रोज तोफेच्या तोंडी देतात."

मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "बाई, हा शब्द लोक उगंच वापरतात. जुन्या काळी बंडवाल्याला तोफेच्या तोंडाला बांधायचे आन् बत्ती द्यायचे. ती शिक्षा होती. मंग लढाईत बी तेच झालं. पुढं अशी माणसं पाठवायची की गेली तर गेली. समोरच्याचा दारूगोळा त्यांच्यावर संपला की मागून खरी फौज. आमचा एक कॅप्टन सांगायचा, इंग्रजीत त्याला तोफेचा चारा म्हणतात. चारा! म्हंजी बघा, माणसाची किंमत कडब्याएवढी."

"मग माझंही तेच की."

"आता मला सांगा, पुढं जाणारा परतेक जण चारा असतो का? आम्हाला बी पुढं पाठवायचे. पण आमचा सुभेदार पहिल्या गाडीत बसायचा. त्याला आपल्यात बिनी म्हणतात. बिनीवर जायला पोरं भांडायची." त्यानं गिअर बदलला. "मार तर दोन्हीकडं सारखाच बसतो. फरक एकच. पाठवणारा कुठं हाय?"

 आमचा पाठवणारा कुठं असतो हे मला चांगलं माहीत होतं. मोर्चा आला की ते 'मीटिंगमध्ये' असायचे. अनेकदा त्या मीटिंगमध्ये ते एकटेच असायचे.

त्या वर्षीचा उन्हाळा चढत गेला. पैठण रोडवर मुख्य पाइप फुटला, दुरुस्तीत दिवस गेले आणि शहराच्या सगळ्या पाळ्या कोलमडल्या. टँकरच्या फेऱ्या जेमतेम पुरत होत्या. अशात एका सकाळी दाभाडेसाहेब माझ्या खोलीत आले. त्यांच्या खोलीतला फोन बंद होता, म्हणून माझ्या टेबलावरून त्यांनी हवालदाराच्या मोबाइलवर फोन लावला. "हर्सूलची फेरी सोडा. आहे त्या टँकरनं सरळ लग्नाच्या हॉलवर जा. हो, आत्ताच." एका वजनदार घरचं लग्न होतं आणि वरून निरोप आला होता. फोन ठेवून ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "संध्याकाळी हर्सूलला जादा फेरी देऊ."

मी म्हटलं, "साहेब, तिथं रिकामी भांडी लावून लोक उभे असतील."

"मला माहीत नाही का, बाई? पण वरच्यांना नाही कोण म्हणणार?"

झालं ते असं. टँकर हर्सूलच्या चौकापर्यंत गेला होता. कॉलनीच्या बायकांना तो लांबून दिसला. त्यांनी भांडी उचलली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टँकर वळला आणि शहराकडं गेला. दुपारी हवालदार दुसऱ्या फेरीला तिथं गेला तेव्हा लोक वाटच पाहत होते. पाणी उतरवून घेतलं आणि मग त्याला गाडीतून खाली ओढलं. "पाणी विकलं! चोर हाय!" असं सगळे म्हणत होते. कुणीतरी त्याची कॉलर फाडली. मग त्यालाच टँकर चालवायला लावून, आजूबाजूला टेम्पो आणि रिक्षा भरून, अख्खी कॉलनी आमच्या आवारात आली. आल्याबरोबर दोघा पोरांनी टँकरच्या चाकांची हवा सोडली आणि हवालदाराला भर उन्हात टँकरपाशी उभं केलं.

मी खिडकीतून पाहिलं. एरवी तोंड बंद न ठेवणारा माणूस गप्प होता. लोक विचारत होते, "कुणाला विकलं? बोल!" तो एका शब्दानं सांगत नव्हता की मला फोन आला होता. नुसता वर बघत होता, साहेबांच्या खिडकीकडं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. ते भिंतीच्या कडेला उभे होते, बाहेरून दिसणार नाही असे. कपाळावर घाम. मला म्हणाले, "बाई, खाली जा आणि सांगा की ड्रायव्हरला कामावरून काढलं. लगेच. मोर्चा शांत होईल."

"पण साहेब, फोन तुम्ही केला होता."

"ठाऊक आहे मला!" ते एकदम ओरडले आणि मग खुर्चीत बसले. "मी कुठं म्हणतोय त्याचा दोष आहे. पण लोकांना कुणीतरी द्यावाच लागतो. तो रोजंदारीवरचा माणूस आहे. त्याला पेन्शन आहे. नंतर दुसरीकडं लावून घेऊ कुठंतरी."

मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर कीवही आली. दुष्ट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता. पण खाली उभा असलेला माणूस तिथंच उभा होता, आणि त्याच्या नावावर चोरीचा शिक्का मारायला मला पाठवलं जात होतं.

मी म्हटलं, "साहेब, मी जाते. पण हे सांगणार नाही. आणि तुम्ही आलात तर बरं होईल. बोलू नका. नुसते माझ्या मागं उभे राहा."

"वेड लागलंय का तुम्हाला? मला मारतील ते."

मी जिना उतरले.  एरवी खाली जाताना माझ्याकडं सांगायला काहीतरी खोटं-खरं असायचं, 'दोन दिवसांत येईल', 'दुरुस्ती चालू आहे'. त्या दिवशी हात रिकामे होते. मला पाहून आरडाओरडा वाढला. गयाबाई पुढं होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, आज मधी पडू नका. पोरं सकाळपून भांडी घिऊन उभी होती. ह्या मेल्यानं आमचं पाणी इकलं."

"गयाबाई, त्यानं विकलं नाही."

"मंग टँकर वळला कसा? आपसूक?"

"त्याला फोन गेला होता. ऑफिसातून. माझ्या टेबलावरून. मी तिथंच होते."

 हवालदारानं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, 'नको' म्हटल्यासारखी.

"फोन तुमी केला?" गयाबाईनं विचारलं.

"नाही."

"मंग कुणी?"

मी तोंड उघडलं आणि तिथंच अडकले. साहेबांचं नाव घेतलं तर माणसं जिन्याकडं धावणार, हे दिसत होतं. वर एक घाबरलेला माणूस, त्याला रक्तदाबाची गोळी. एकाला वाचवायला दुसऱ्याला पुढं ढकलायचं, तर मी वेगळं काय करणार होते? गर्दी कुजबुजायला लागली. मागून कुणीतरी "बाईच खोटं बोलती" म्हणून ओरडलं.

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "मी केला."

दाभाडेसाहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. एका हातानं कठडा घट्ट धरलेला. म्हणाले, "टँकर मी वळवला. ड्रायव्हरला मी सांगितलं. त्याची काही चूक नाही. चूक माझी आहे."

यानंतर काय होईल याची मला पुरती धास्ती होती. पण झालं ते अगदी निराळं. कुणाला काय करावं तेच सुचेना. इतकी वर्षं लोक 'साहेब बाहेर या' म्हणून ओरडत होते, पण साहेब खरंच बाहेर आले तर पुढं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं.  गयाबाई साहेबांच्या जवळ गेली. त्यांच्याभोवती अर्धी फिरली.

"हेच का साहेब?" तिनं मला विचारलं.

"हो."

"आन् मला वाटलं चांगला दांडगा माणूस आसंल. ह्यो तर आमच्या जावयापरीस बारीक हाय!"

पहिल्यांदा रहीमचाचा हसले. मग बायका. मग मागचे पुरुष. हसू असं पसरत गेलं की साहेबांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं. गयाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि फर्मान काढलं, "चला मंग. टँकर भरा आन् आमच्यासंगं चला. तुमीच उतरवा पाणी."

मध्ये एकच अडचण होती. टँकरच्या चाकांत हवा नव्हती. हवालदार आता पहिल्यांदा बोलला. मिशांवर हात फिरवून म्हणाला, "ज्यांनी सोडली त्यांनी भरावी. फौजेत असंच असतं." ती दोन पोरं हातपंपावर घामाघूम होईपर्यंत हवा भरत होती आणि हवालदार शेजारी उभा राहून त्यांना बर्फातली एक लढाई सांगत होता. कॉलर फाडणारा माणूस आला, त्याच्यापुढं हात जोडले. हवालदार म्हणाला, "शर्ट जुनाच होता."

पुढचं आधीच सांगून टाकते. लग्नाचं प्रकरण वर गेलं आणि दाभाडेसाहेबांना बोलणी बसली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाहीत. पण त्यानंतर मोर्चा आला की ते खाली यायला लागले. दर वेळी नाही. कधीकधी पुन्हा मीटिंगचा आजार उठायचा. पण यायचे. मी पुढं, ते मागं, हातात रुमाल. मोर्च्यात ओरडा तेवढाच राहिला, पण मला पाठीत गार वाटेनासं झालं. हवालदार आणखी काही वर्षं टँकरवर होता, मग गुडघे बोलायला लागले तसा गावी गेला. गयाबाईच्या कॉलनीत पाइप टाकायचं काम माझ्या नोकरीत झालं नाही, ही रुखरुख मात्र अजून आहे. निवृत्तीच्या दिवशी मला हार घालायला ती आली, तेव्हा म्हणाली, "बाई, तुमी चालल्या, आता भांडायला मजा नाय." ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर त्या दिवशी टँकर भरून आम्ही हर्सूलला गेलो. साहेब हवालदाराशेजारी बसले, मी रिक्षातून मागं. कॉलनीत ड्रम, कळश्या, घागरी, रंगाचे डबे, सगळ्यांची रांग लागलेली. गयाबाईनं पाइपाचं तोंड साहेबांच्या हातात दिलं. पाणी सुटल्याबरोबर पाइप सापासारखा उसळला, साहेब कमरेपर्यंत भिजले आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. "नीट धरा की हो! सांडतंय!" गयाबाई ओरडली. साहेबांनी पाइप काखेत दाबला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढच्या ड्रमकडं वळले. आमच्या खात्यात इतकं मन लावून काम करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

मी एका ओट्यावर बसले होते. सगळी भांडी भरत आली तशी गयाबाई माझ्याशेजारी येऊन टेकली. पदरानं वारा घेत म्हणाली, "बाई, एक इचारू?"

मला वाटलं, झालं, आता पुढच्या फेरीचं विचारणार.

"तुमच्या घरी पाणी कवा आलं हुतं?"

 त्या टेबलावर बसून मी किती माणसांशी बोलले असेन, त्याचा हिशेब नाही. रागावून विचारणारे, रडून विचारणारे, हात जोडून विचारणारे. सगळ्यांना आपल्या नळाचं विचारायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण पाणी नाही असं रोज सांगणाऱ्या बाईच्या घरी पाणी आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही. शेजाऱ्यांची तर समजूत होती की आमच्या नळाला चोवीस तास धार असते.

"आमचीही पाळी चुकलीये," मी म्हटलं. "आज आठवडा व्हायला आला. सकाळी यजमान विहिरीवरून दोन बादल्या आणतात."

गयाबाई उठली, घरात गेली आणि एक पितळी कळशी घेऊन आली. ती साहेबांच्या पाइपाखाली धरून काठोकाठ भरली. मी नको नको म्हणत होते. रांगेतली एक म्हातारी बाई म्हणाली, "ने माय, ने. तू बी माणूसच हाईस." गयाबाईनं कळशीवर फडकं बांधलं, रिक्षात माझ्या पायांमध्ये नीट ठेवली आणि रिक्षावाल्याला दम दिला, "सावकाश जा. एक थेंब सांडला तर उद्या तुज्या घरावर मोर्चा आणीन."

हर्सूलपासून आमच्या घरापर्यंत मी दोन्ही हातांनी ती कळशी धरून बसले होते. घरी पोचले तेव्हा यजमान दारातच होते. कळशी पाहून म्हणाले, "हे कुठून आणलंस?"

मी म्हटलं, "मोर्च्यानं दिलं."